ताई, वाढदिवस जूनमध्ये करता येईल का?

सिम्रिसहाम्न,
जानेवारीची अखेर (बाहेर पाऊस आहे. बर्फ नाही, देवाची कृपा.)

प्रिय टोरबोर्गताई,

गळ्यात दोन मफलर गुंडाळलेल्या तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार घे. डोळे कसे आहेत? तुझ्या मोतीबिंदूसाठी मुद्दाम अक्षर एवढं मोठं काढतोय. मायवोर म्हणते, तू खिडकीत वाचायला बसलीस तर बंदरातल्या बोटीवरच्या खलाशांनाही आपल्या घरच्या गोष्टी कळतील. गुडघा काय म्हणतोय? मांजर? परवाच्या वादळात छप्पर जागेवर राहिलं ना? आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मायवोर ठीक आहे. माझं काही खरं नाही. रात्री दचकून उठतो, जेवण जात नाही. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, "सिक्स्टेन, तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्ही नुसते घाबरलाय." औषध विचारलं तर म्हणाल्या, प्रवासाला जाऊ नका. मी म्हटलं, हे माझ्या बायकोला लेखी द्या. त्यावर त्या जे हसत सुटल्या ते मी दाराबाहेर पडेपर्यंत. (मायवोर जन्मभर सुईण, आणि या बाई तिच्याच हातावर जन्मलेल्या. तिथे माझी काय डाळ शिजणार?)

दोष म्हणशील तर तुझ्या पत्राचा. म्हणजे पत्राचा नाही, ते मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलं त्याचा. घर विकलं, ईस्टरनंतर वाडसोच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली, फेब्रुवारीतला ऐंशीवा वाढदिवस हा या घरातला शेवटचा, इथवर माझा आवाज बरा होता. वाडसोला तू कुणाला ओळखतेस गं? असो. पुढे तू लिहिलंयस, "यायचं तर ये, नाहीतर आपल्या स्कोनकडचा मनोरा-केक तेवढा पोस्टाने पाठव." हे वाचलं आणि मायवोरने हातातला डाव खाली ठेवला. तिने डाव खाली ठेवला की मी समजतो, आता संपलं. "जायचं," म्हणाली. मी म्हटलं, अगं, फेब्रुवारीत? ताईच्या बेर्लेव्होगला? तिथून पुढे नुसता समुद्र आणि त्याच्यापुढे ध्रुव! तर म्हणते, "ध्रुवापर्यंत कोण चाललंय? अलीकडेच उतरायचंय."

मी विमानाने जाऊ म्हटलं. (मी! विमानाने! यावरून माझी अवस्था ओळख.) तर म्हणाली, विमानाने परत येताना जागा पुरत नाही. कसली जागा ते सांगेना. आणि त्याच आठवड्यात एक मोटरहोम दारात येऊन उभं राहिलं. मी त्याला घरगाडी म्हणतो, म्हणजे निदान घरात बसल्यासारखं वाटतं. दोन म्हातारी माणसं, आणि झोपायच्या जागा चार! मी विचारलं, एवढी मोठी कशाला? म्हणाली, "हातपाय पसरायला." दाराची पायरी मात्र उंच होती, म्हणून खाली मी स्वतः एक जादा पायरी बसवली, बुटकी, खरखरीत, बाजूला धरायला दांडा. (ती कुणासाठी ते विचारू नकोस. मायवोरनेही विचारलं नाही.)

तुला ठाऊक आहे, नोकरीभर मी विमा कंपनीत मोटार अपघातांचे दावे तपासले. लोकांना समोर रस्ता दिसतो, मला फोटो दिसतात. एल्क म्हटलं की लोक म्हणतात, वा, काय रुबाबदार जनावर! मला ते मोटारीच्या पुढच्या सीटवर बसलेलं आठवतं, आणि ते कसं आत आलं याबद्दल त्याच्या शेजारच्या माणसाने दिलेला जबाब आठवतो. पूल दिसला की कठडा आठवतो. बर्फ दिसला की ज्या गृहस्थांनी "रस्ता एकदम साफ होता" असं लिहून दिलं होतं ते सगळे एका रांगेत उभे राहतात. अशा माणसाला मायवोरने सांगितलं की मार्ग तू आख, तुला त्यातलं कळतं. झालं, मी जेवणाच्या टेबलावर सबंध उत्तरेचा नकाशा पसरला आणि लाल पेन्सिलीने धोक्याच्या जागा रंगवायला घेतल्या. एल्क, रेनडियर, घाट, गोठलेली तळी, बंद पडणारे रस्ते, जिथे मोबाइल लागत नाही ते पट्टे. दुसऱ्या दिवशी मायवोरने नकाशा पाहिला आणि म्हणाली, "अरे, याला गोवर झालाय." तेव्हा मी लाल जागा टाळून एक मार्ग काढला. इतका सुरक्षित मार्ग माझ्या हातून याआधी कधी निघाला नव्हता. एकच अडचण होती. तो डेन्मार्कला जात होता.

मग तिने स्वतःच निळी लोकर घेतली आणि टाचण्या मारून सरळ वर नेली, पूर्व किनाऱ्याने, मग आत वळून कारेसुआंडो, थोडा फिनलंड, ताना पूल, आणि शेवटी तुझा तो कोंग्सफ्योर्डचा डोंगर. त्या डोंगरावर लोकर दोनदा सुटली. मी म्हटलं, बघ, लोकरसुद्धा जायला तयार नाही. तिने जास्त जाड टाचणी आणली.

इथवर मी नुसता घाबरलेला होतो. गाळण उडाली ती शेजारच्या एव्हर्टमुळे. एव्हर्ट पूर्वी किरुनापर्यंत ट्रक न्यायचा, आणि मायवोरने त्याला "अनुभवाचे दोन शब्द" सांगायला बोलावलं. माणूस आला, दालचिनीचे पाव संपवत बसला आणि प्रत्येक पावासरशी एक भीती माझ्या पदरात टाकत गेला. इथलं डिझेल वर नेऊ नका, तिकडच्या थंडीत तुपासारखं थिजतं. बरं, नेत नाही. निळ्या टाकीतला गॅस नको, तो गारठला की पेटतच नाही. शेगडीपुढे काड्या ओढत बसाल. बरं. मुक्कामाला हँडब्रेक लावू नका, चाकाला चिकटून गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवा. ताई, मी घराच्या फाटकात पत्रपेटी उघडायला उतरलो तरी हँडब्रेक लावणारा माणूस! आणि शेवटी म्हणाला, मेणबत्त्या घ्या. मी विचारलं, जेवताना लावायला? "नाही हो. बर्फात अडकलात तर गाडीत ऊब राहते. शिवाय शोधणाऱ्यांना उजेड दिसतो." शोधणाऱ्यांना! हे त्याने पावाला लोणी लावता लावता सांगितलं. मायवोरने यादीत मेणबत्त्या लिहिल्या आणि विचारलं, वासाच्या की साध्या?

म्हणून मी आग्रह धरला की आधी घरच्या अंगणात सराव करायचा, दुपारचं जेवण गाडीतच. टाकीत पाणी भरलं, टेबल मांडलं, एव्हर्टलाही बोलावलं. हीटर मात्र मी बंद ठेवला होता, कारण गॅसच्या हीटरमुळे काय होतं याचे फोटो मी पाहिलेत. आता या गाड्यांत एक झडप असते, मला काय माहीत! गारठा वाढला की पाइप फुटू नयेत म्हणून ती आपली आपण उघडते आणि टाकीतलं सगळं पाणी बाहेर सोडून देते, मालकाला न विचारता. आम्ही हेरिंग मासळी खात होतो. खालून खळखळाट ऐकू आला. मी एव्हर्टकडे पाहिलं, एव्हर्टने माझ्याकडे पाहिलं, दोघांनाही वाटलं दुसऱ्याच्या पोटातून आवाज येतोय. कॉफी होईपर्यंत ऊन गेलं आणि अंगणात काच झाली. मी पहिला उतरलो. उतरलो म्हणजे पायरीवर पाय ठेवला आणि थेट कुंपणापाशी पोचलो, बसल्या बसल्या. मदतीला एव्हर्ट धावला, तोही आला. एवढ्यात पोस्टमन आला. त्याचं मी लिहीत नाही, त्याने आमचं टपाल आता कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवायला सुरुवात केली आहे. मायवोर दारात उभी राहून एप्रनने डोळे पुसत होती. मला वाटलं रडते आहे. मी म्हटलं, बघितलंस, आपल्या अंगणात ही दशा, तिकडे काय होईल? तर हसू आवरत म्हणाली, "तिकडे सपाट बर्फ असतो रे, असला मुद्दाम केलेला नसतो."

आणि केक! तो तर मी विसरलोच. तुला आठवतोय ना, काठीवर फिरवत भाजलेला, अंडी-साखरेचा, पोकळ, टेबलावर ठेवला तर आपल्या हनुवटीला लागणारा? शेजारी कुणी शिंकलं तरी ज्याचा तुकडा पडतो, दमट हवा लागली तर जो मान टाकतो? तो केक घेऊन खडखडणाऱ्या बर्फातून सबंध स्वीडन चढायचं! मिठाईवाल्या बाईंना सांगितलं बेर्लेव्होगला न्यायचाय, तर त्यांनी माझा हात हातात घेतला. मयताला आल्यासारखा.

तर ताई, माझी विनंती नीट ऐक. रागावू नकोस. वाढदिवस जूनमध्ये करता येईल का? जूनमध्ये तुमच्याकडे सूर्य मावळत नाही, म्हणजे तारखेचा घोळ कुणाच्या लक्षातही येणार नाही. तू मायवोरला एवढंच लिही की डोंगराचा रस्ता यंदा फार वाईट आहे. खोटं बोलायला सांगत नाही, तो दर वर्षी वाईट असतो. घर गेलं असेल, कबूल आहे. वाडसोच्या त्या आश्रमात भेटू, तिथल्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या कपांतून कॉफी पिऊ. (हे वाक्य लिहिलं आणि मला बरं वाटेना. पण खोडत नाही, खोडलं तर तुझ्या डोळ्यांना त्रास.)

तुझा भेदरलेला,
सिक्स्टेन

ता. क. हे पत्र मायवोरला कळता कामा नये.

ता. क. २. कळलं. तिने पाकीट उचलून वजन केलं, तिकीट काढून घेतलं आणि म्हणाली, "जातोच आहोत तर पोस्टाला कशाला पैसे? हातानेच देऊ." आम्ही निघालोय. केक मागच्या सीटवर पट्टा बांधून बसलाय. गाडी मायवोर चालवते. मी डोळे मिटून मार्ग सांगतो.

ता. क. ३. योक्कमोक्कच्या वर. ताई, तू इतकी वर्षं उत्तरेत राहिलीस, मला एवढं तरी सांगायचंस! रस्त्याकडेच्या खांबांवर जागोजागी काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकत होत्या, वाऱ्याने फडफडत. आपल्या लहानपणी आईने आपल्याला काय शिकवलं? रस्त्यात कचरा दिसला तर उचलायचा. मला हायसं वाटलं, म्हटलं, या भयाण मुलखात मला समजणारं एक तरी काम निघालं. मायवोरला गाडी हळू घ्यायला लावली आणि उतरून, चढून, उतरून, चढून (नव्या पायरीचा फार उपयोग झाला) मी एकूण एक पिशवी सोडवून आणली. छान घड्या घातल्या. आणि पुढच्या वळणावर मायवोरने ब्रेक दाबला, कारण रस्ताभर रेनडियर उभे होते. सबंध कळप. केक पुढे झुकला, मी मागे झुकलो, माझी बोबडी वळली. एक म्हातारा नर माझ्या खिडकीत तोंड घालून उभा राहिला. जबाबात लिहायला मला शब्द सुचले नसते.

मागून स्नोस्कूटरवर कळपाची मालकीण आली, एल्ले नावाची, इथल्या सामी जमातीतली बाई, पोरसवदाच, पण जीभ तुझ्यासारखी. माझ्या मांडीवरच्या घड्या पाहिल्या आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही दक्षिणेचे ना? जनावरं रस्त्यावर उतरलीत हे सांगायला आम्ही त्या पिशव्या बांधतो. तुम्ही कचरा म्हणून उचलल्यात होय? आता मागून येणारा ट्रक काय बघून थांबेल, तुमच्या घड्या?" ताई, त्या ट्रकचा फोटो मला लगेच दिसला. मी, ज्याने जन्मभर इतरांच्या निष्काळजीपणाचे शेरे लिहिले! लाल पेन्सिलवाल्या माणसाने दुसऱ्यांच्या लाल खुणाच पुसून टाकल्या. परत मागे गेलो आणि सगळ्या पिशव्या पुन्हा बांधल्या. गाठी इतक्या घट्ट मारल्या की एल्ले ओढून बघत म्हणाली, "भित्र्या माणसाच्या गाठी चांगल्या असतात." जाताना वाळवलेलं मांस दिलं. तिथे मायवोर घसरली आणि तिचं मनगट सुजलं. म्हणजे आता कोण चालवणार, हे तूच ओळख.

ता. क. ४. कोंग्सफ्योर्डच्या डोंगराखाली, फाटकापाशी. रस्ता बंद आहे. वर वारा असा आहे की गाडी उभ्या उभ्या हलते. बर्फ उपसणारी गाडी पुढे जाणार आणि तिच्या मागून सगळ्यांनी रांगेने जायचं, मध्ये थांबायचं नाही, वळायचं नाही, पुढचा दिवा सोडायचा नाही. दिवा दिसेनासा झाला तर जागीच थांबून गाडीत बसून राहायचं, कुणी येईपर्यंत. (मेणबत्त्या साध्याच घेतल्यात.) आमच्या मागे मासळीचा ट्रक आहे आणि एक चकाचक नवी गाडी, तिच्यातला तरुण हातमोजेसुद्धा न घालता शीळ घालतोय.

बर्फाच्या गाडीवाला ओड्डवार प्रत्येकाला तपासत आला. दिवे? डिझेल? फावडं? गरम कपडे? मग माझ्याकडे टॉर्च मारून विचारलं, "भीती वाटते का?" मी बाणेदारपणे म्हणणार होतो की मुळीच नाही, पण दात वाजत असल्याने शब्द फुटेना. ओड्डवार म्हणाला, "झकास. तुम्ही माझ्या मागे पहिले. घाबरलेला माणूस दिव्यावरची नजर काढत नाही. त्या शीळवाल्याला मी शेवटी घेतो, त्याचीच मला भीती आहे." ताई, जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या भित्रेपणाला पहिला नंबर दिला. मायवोरने माझी टोपी नीट केली.

वर जाण्याआधी खरं ते लिहून टाकतो, कारण समोर आलो की मला हवामानाखेरीज काही बोलता येत नाही. मला बर्फाची भीती वाटते. एल्कची वाटते, गॅसची वाटते, या डोंगराची तर इतकी वाटते की केकचा वरचा घेर मी आत्ता नकळत खाऊन टाकला. पण त्या वाडसोच्या हॉलची याहून जास्त वाटते. तू तिथे खिडकीशी बसली आहेस आणि तुझ्याशी कुणी आपल्या बोलीत बोलत नाहीये, हे मी रात्री पाहतो आणि दचकून उठतो. गाडीत झोपायच्या जागा चार आहेत. मायवोरने का घेतली ते तिने सांगितलं नाही, मी पायरी का बसवली ते मी सांगितलं नाही. तानाला मी न राहवून विचारलं, "तुझ्याही मनात तेच?" ती म्हणाली, "मग काय, हातपाय पसरायला आणली?" आमच्याकडे मागची खोली रिकामी आहे, सफरचंदाच्या बागेकडची. मांजर चालेल. चल आमच्याबरोबर घरी. आणि नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणू नकोस, केक खाऊन झाल्यावर म्हण.

फाटक उघडलं. जातो.

ता. क. ५. टोरबोर्ग, हे मायवोरचं अक्षर, डाव्या हाताचं, तेव्हा सावकाश वाच. डोंगर त्यानेच पार केला. सबंध वाट मोठ्याने देवाला हाका मारत होता, पण दिवा सोडला नाही. शीळवाला खड्ड्यात गेला, मासळीच्या ट्रकने त्याला ओढून काढला, धडधाकट आहे. आम्ही तुझ्या दारात उभे आहोत, मघापासून. तो केक मांडीवर घेऊन गाडीत बसलाय आणि उतरत नाही. डोंगराला भ्याला त्याच्यापेक्षा तुझ्या उत्तराला जास्त भ्यालाय. हँडब्रेकसुद्धा लावून बसलाय, आता तो गोठणार. म्हणून पत्र दाराच्या फटीतून मीच आत टाकते. तूच कोट घालून बाहेर ये. मांजर घेऊन आलीस तर त्याला विचारावं लागणार नाही. पायरी पक्की आहे, मी तिच्यावर उड्या मारून पाहिल्यात.